'बेक्कार' म्हणजे भारी कधीपासून झालं?

जेवण आवडलं तरी मुलगा 'बेक्कार झालंय' म्हणतो, ही भाषा बिघडल्याची खूण आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरचा. आमच्या घरी याच शब्दावरून एकदा ताटाजवळची वाटी उचलली गेली होती.

माझ्या मुलीनं भाकरीबरोबर शेंगाचटणी खाल्ली आणि म्हणाली, "आजी, चटणी बेक्कार झालीय!" आईनं काही न बोलता चटणीची वाटी उचलली. नंतर मला म्हणते, "तिखट जास्त पडलं का रे?"

आईला तो शब्द लागला त्याला कारण आहे. फारसीत बे म्हणजे विना, कार म्हणजे काम. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात बेकार म्हणजे सरळ ज्याच्या हाताला काम नाही तो माणूस. आमचे आजोबा सोलापूरच्या 'जुनी मिल' नावाच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८७७ सालची ही मिल १९४९ मध्ये बंद पडली. सरकारनं १९५० मध्ये खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला, ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. त्या कायद्यातच कारण म्हणून गंभीर बेकारी नोंदवलेली आहे. आमच्या घरात हा शब्द आजारपणासारखा, आवाज खाली घेऊन उच्चारला जायचा.

माझ्या पिढीनं तो माणसावरून काढून वस्तूंना लावला. बेकार पिक्चर, बेकार माल. आम्हाला त्यात काही खटकलं नाही, आणि आजोबांना काय वाटत असेल हे आम्ही कधी विचारलंही नाही. मग मुलीवर कशाला चिडायचं?

तसंही वाईट शब्द कौतुकाला जुंपणं नवीन नाही. 'भयंकर आवडलं' म्हणणाऱ्याला कुठे भीती वाटलेली असते? 'जबरदस्त' गाणं म्हणतो तेव्हा त्यातली जबरदस्ती कुणाला ऐकू येते? नेहमीचे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले की पोरांना धारदार काहीतरी लागतं, आणि धार शिव्याशापांच्या बाजूलाच जास्त असते.

मुलाचं बोलणं नीट ऐका. आमच्याकडे तरी कौतुक असेल तेव्हा 'क'वर जोर येतो, डोळे मोठे होतात. नुसतं 'बेकार' आलं तर मात्र भाजी खरंच फसलीय.

मुलगी हल्ली आजीसमोर चटणीला 'भारी' म्हणते. मित्रांच्यात गेली की परत बेक्कार.