एकाच डोळ्यातून महिनोन्महिने पाणी आणि चिकट घाण येते, थेंबांनी थांबत नाही. काय असेल?
कॅनॅलिक्युलायटिस असू शकतो, म्हणजे पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून अश्रू वाहून नेणाऱ्या बारीक नळीतला संसर्ग. हा आजार दुर्मिळ, म्हणून बऱ्याचदा ‘डोळे आलेत’ समजूनच उपचार चालू राहतात. नेहमीचा दोषी अ‍ॅक्टिनोमायसिस हा जिवाणू. तो नळीत पिवळसर, रवाळ खडे तयार करतो आणि त्यांच्या आत थेंबातलं औषध नीट पोचतच नाही. त्यामुळे डॉक्टरांना सहसा नळीचं तोंड थोडं उघडून खडे खरवडून काढावे लागतात. त्या कोपऱ्यातलं छिद्र सुजून वर आलंय का, आरशात बघा (दाबत बसू नका). मात्र डोळा पुढे आला, हलवताना दुखला किंवा दिसणं कमी झालं, तर संसर्ग खोबणीत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.