बाळंतपणाचं काम इथे कमीपणाचं आणि अमेरिकेत मानाचं कसं?

प्रश्न : माझी मुलगी २५ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं. दोन वर्षांपासून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे, बहुतेक ड्यूटी लेबर रूमला. आता तिला सरकारचं मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं ट्रेनिंग करायचं आहे. परवा घरी येऊन म्हणाली, "पप्पा, आज पहिलटकरणीला एकही टाका पडला नाही." यात एवढं काय आहे? सुईणपण आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. स्थळं येतात, पण काम कळलं की पुढे बोलत नाहीत. पुण्यातला एक एजंट म्हणतो, 'ऑब्स्टेट्रिक्समध्ये (प्रसूतिशास्त्रात) एम.एस्सी. करा, दोन वर्षांत अमेरिकेत नर्स-मिडवाइफ म्हणून लावून देतो.' तिकडे या लोकांना मान आणि पगार दोन्ही आहे. त्यासाठी दीड एकर बागायत विकायची तयारी आहे. आम्ही ठरवलं आहे, तुम्ही फक्त तिला समजवा आणि एम.एस्सी.साठी चांगलं कॉलेज सुचवा.
– एक वडील (माध्यमिक शिक्षक), सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार सर. तुमच्या पत्रात जमीन आहे, एजंट आहे, स्थळं आहेत, घराणं आहे. मुलीचं स्वतःचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात आलंय आणि त्याच्या पुढ्यातच तुम्ही विचारलंय, 'यात एवढं काय आहे?' कॉलेजचं नंतर बघू. आधी या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझ्या मते सगळं पत्र तिथेच अडलं आहे.

पहिलटकरीण म्हटली की बाळाची वाट मोठी करायला छेद द्यायचाच आणि मग टाके घालायचे, ही आपल्याकडच्या कितीतरी लेबर रूममधली जुनी सवय. सरसकट छेद देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ चं मार्गदर्शन स्पष्ट सांगतं. पण छेद न देता आणि फाटू न देता बाळ बाहेर आणायचं, तर हात तयार लागतो. बाळाचं डोकं दिसायला लागतं तेव्हा खोलीतले सगळे 'जोर लाव, जोर लाव' म्हणून ओरडत असतात. नेमकं त्याच वेळी तिला जोर थांबवायला सांगायचं, तोंडाने लहान लहान श्वास घ्यायला लावायचं, गरम पाण्यातून पिळलेलं निर्जंतुक कापड खालच्या भागावर धरायचं आणि तळहाताच्या आधाराने डोकं हळूहळू येऊ द्यायचं. मध्येच दर पाच मिनिटांनी डॉप्लर यंत्रावर बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचे. बाळ आलं की मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, नाळेला चिमटा लावायला मात्र निदान एक मिनिट थांबायचं, बाळ आईच्या छातीवर द्यायचं आणि वार पडेपर्यंत व पडल्यानंतरही अंगावरून किती जातंय यावर नजर ठेवायची. बाळंतपणात बायका दगावण्याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं कारण अतिरक्तस्राव हेच आहे.

हे सगळं तुमच्या मुलीने केलं, बहुधा मध्यरात्री, आणि एकही टाका न पडता ती बाई दुसऱ्या दिवशी उठून बसली. घरी येऊन तिने हे तुम्हालाच सांगितलं. पंचविशीतल्या मुली कामावरची गोष्ट वडिलांना अशा आनंदाने सांगतात, असं माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत फार कमी दिसतं. ज्या माणसाला आपल्या कामात हे सुख मिळतंय, त्याला करिअर मार्गदर्शनाची फारशी गरज नसते. त्याच्या वाटेतून बाजूला होण्याची गरज असते.

आता 'आमच्या घराण्यात कुणी सुईणपण केलेलं नाही' याबद्दल. तुम्ही शिक्षक आहात म्हणून आडवळण न घेता लिहिते. या वाक्यात जात आहे. बाळंतिणीचं रक्त, वार, नाळ यांना विटाळ मानायचं आणि ते हाताळायचं काम गावातल्या ठरावीक घरांतल्या बायकांवर टाकायचं, त्यांनी जीव वाचवला तरी त्यांना उंबऱ्याबाहेर बसवायचं, हे आपल्या गावांत पिढ्यान् पिढ्या चाललं. त्या बायकांची विद्या गेली, तुच्छता तेवढी आपल्या बोलण्यात राहिली. ३ जानेवारीला तुमच्या शाळेत सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला जात असेल. मुलींची शाळा सगळ्यांना पाठ असते. पण फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे बाळंतपणासाठी आसरा दिला आणि त्या बायकांचं सगळं सावित्रीबाईंनी केलं, हेही तुम्ही वर्गात शिकवत असाल. तिथे कमीपणा नसेल, तर तुमच्या घरातही नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे, की जे काम सोलापूर जिल्ह्यात पाहुण्यांपासून लपवावंसं वाटतं, तेच अमेरिकेत केलं तर त्यासाठी तुम्ही दीड एकर विकायला निघालात. तिथेही हेच हात, हेच रक्त, ह्याच रात्री असतात. अमेरिकेत नर्स-मिडवाइफ उभ्या राहिल्या त्या मेरी ब्रेकिनरिज यांच्यामुळे. त्यांनी इंग्लंडमध्ये मिडवाइफरी शिकून १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात काम सुरू केलं. रस्ते नव्हते, त्यांच्या नर्स घोड्यावरून जाऊन अत्यंत गरीब घरांत बाळंतपणं करायच्या. आज तिथे जो मान दिसतो तो त्या कामातून आलेला आहे.

आणि आता एजंटचं. हा गैरसमज मला अलीकडे वारंवार दिसतोय, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडचं ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी नर्सिंगमधलं एम.एस्सी. केलं म्हणजे अमेरिकेत सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ होता येतं, हे खोटं आहे. तिथला क्रम असा : आधी एनसीएलईएक्स-आरएन परीक्षा देऊन नर्सचं लायसन्स. मग मिडवाइफरीतलं पदव्युत्तर शिक्षण, मास्टर्स किंवा डॉक्टरेट, आणि तेही 'ॲक्रेडिटेशन कमिशन फॉर मिडवाइफरी एज्युकेशन' या संस्थेची मान्यता असलेल्या कार्यक्रमातूनच. त्यानंतर 'अमेरिकन मिडवाइफरी सर्टिफिकेशन बोर्डा'ची परीक्षा, आणि शेवटी ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचा परवाना. २०१० पासून पदव्युत्तर पदवीशिवाय या क्षेत्रात नव्याने प्रवेशच नाही. आपलं एम.एस्सी. त्या मान्यतेत बसत नाही, म्हणजे इथे दोन वर्षं घालवून तिथे पुन्हा तेच शिक्षण डॉलरमध्ये घ्यायचं. 'दोन वर्षांत लावून देतो' हे तर त्याहून धोक्याचं. नर्सच्या साध्या पदाला तिथे एच-१बी व्हिसा सहसा मिळत नाही. रुग्णालयं नर्सना ग्रीन कार्डच्या ज्या वर्गातून नेतात, तो ईबी-३. त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. रांग एजंटच्या हातात नसते. इंग्लंडचं नाव कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा, की तिथे मिडवाइफची नोंद नर्सपासून वेगळी होते. तिथे जाणाऱ्या आपल्या बहुतेक मुली नर्स म्हणून जातात आणि त्यातल्या पुष्कळांना लेबर रूम पुन्हा दिसत नाही.

मग इथलं एम.एस्सी. वाईट का? अजिबात नाही. ते दोन वर्षांचं आहे, बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव आणि ठरावीक टक्के लागतात, प्रवेशाचे नियम सगळीकडे मिळतात. पण ते शिक्षिका घडवतं. ते केलेल्या बहुतेक मुली नर्सिंग कॉलेजमध्ये ट्यूटर, लेक्चरर होतात. तुमच्या मुलीला उद्या शिकवावंसं वाटलं तर ती डिग्री तिच्यासाठीच आहे, आणि लेबर रूममध्ये आणखी काही वर्षं काढून शिकवायला आलेली बाई विद्यार्थिनींना फार वेगळं देऊ शकते. आज मात्र तिला बाळंतपणं करायची आहेत. तिला आत्ता वर्गात नेऊन बसवणं म्हणजे हाताला वळण लागत असतानाच ते काम तिच्याकडून काढून घेणं.

ती म्हणते ते १८ महिन्यांचं ट्रेनिंग म्हणजे 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातून ते आलं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. झालेल्या, नोंदणीकृत आणि लेबर रूमचा दोन वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी ते आहे. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाची कौशल्यं डोळ्यांपुढे ठेवून ते आखलेलं आहे. ज्या बाईला जोखीम नाही, तिचं बाळंतपण मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं, धोक्याची खूण दिसली की वेळ न दवडता डॉक्टरकडे सोपवायचं, अशी ती रचना आहे. यासाठी मिडवाइफने चालवायचे वेगळे कक्षही योजलेले आहेत.

याची गरज का पडली, तेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली, महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि तेलंगणात तब्बल ६०.७ टक्के. खासगी रुग्णालयांपुरतं बघितलं तर देशाचा आकडा ४७.४ टक्के. तेलंगणाने २०१७ मध्येच युनिसेफ आणि हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीने सरकारी परिचारिकांना मिडवाइफरी शिकवायला सुरुवात केली होती, ती उगाच नाही. सिझेरियन लागतं तिथे ते जीव वाचवतं. पण कळांना वेळ द्यायला, बाईला चालतं-फिरतं ठेवायला, कुशीवर झोपवून बाळंत करायला शेजारी शिकलेलं माणूस तासन् तास थांबावं लागतं, आणि ते माणूस प्रत्येक वेळी डॉक्टर असू शकत नाही.

मुलीच्या बाजूने बोलते आहे म्हणून तिला गुलाबी चित्र दाखवणार नाही. तिच्या वाटेतल्या अडचणी खऱ्या आहेत. या ट्रेनिंगला मुख्यतः सरकारी सेवेतल्या परिचारिकांना पाठवलं जातं आणि ती कंत्राटी आहे. त्यामुळे ट्रेनिंगच्या काळात कंत्राट चालू राहणार का, मानधन मिळणार का, नंतर किती वर्षांचा बाँड, हे तिने अर्जाच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून लेखी घ्यावं. दुसरी अडचण रोटेशनची. आपल्याकडे परिचारिकेला आज लेबर रूम, सहा महिन्यांनी मेल वॉर्ड. दीड वर्ष मिडवाइफरी शिकून पुन्हा सर्जिकल वॉर्डात ड्यूटी लागली तर शिकलेलं वाया जातं. प्रशिक्षणानंतरची नेमणूक कुठे, हा प्रश्न तिने तोंडी विचारून सोडू नये. तिसरी पगाराची. नुसत्या या ट्रेनिंगने पगार मोठी उडी घेईल असं समजू नका. म्हणूनच मी तिला सांगेन, की अधिपरिचारिका पदाच्या सरळसेवा भरतीची आणि एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेची तयारी आजपासून कर. कायम नोकरी हातात असेल तर ट्रेनिंगला जाणंही सोपं पडेल आणि घरातला आवाजही खाली येईल.

स्थळांबद्दल एवढंच, की मुलगी काय काम करते हे ऐकून जे पाहुणे गप्प झाले, त्यांच्या घरात तिला रात्रपाळ्या करू दिल्या नसत्या. ते गेले हे बरं झालं. तिचं काम सांगताना तुमचा स्वतःचा आवाज बारीक होतो का, तेवढं मात्र बघा. समोरचा माणूस तेच ऐकतो.

'तुम्ही फक्त तिला समजवा' हे मी करणार नाही. एम.एस्सी.च्या कॉलेजचं नावही आज देणार नाही, कारण तो प्रश्न तिचा नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाठवू द्या. तिने त्यात लिहावं : कंत्राटाची मुदत कधी संपते, महिन्याला साधारण किती बाळंतपणं तिच्या हातून होतात, रात्री डॉक्टर हजर असतात की फोनवर, लेबर रूममध्ये तिला शिकवणारी एखादी अनुभवी सिस्टर आहे का, आणि अमेरिकेला जायची तिची स्वतःची इच्छा आहे का. असेल, तर त्याचीही वाट मी तिला सांगेन. ती एनसीएलईएक्सपासून सुरू होते, आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी शेत विकावं लागत नाही.

दीड एकराचा इसार अजून घेतला नसेल तर घेऊ नका. एजंटला पैसे दिले असतील तर पावती जपून ठेवा. आणि त्याच्याकडे एकच गोष्ट लेखी मागा : भारतातल्या एम.एस्सी.वर अमेरिकन मिडवाइफरी सर्टिफिकेशन बोर्ड परीक्षेला बसू देतं, असा त्या बोर्डाचा कागद. आठ दिवस थांबा. तो आणू शकणार नाही.