या वर्षी पाहिलेली तुमची आवडती मराठी नाटकं कोणती? पुण्या-मुंबईबाहेर काही बघण्यासारखं असतं का?

प्रश्नाचा दुसरा भाग नसता तर वाचून पुढे गेलो असतो. असतं, भरपूर असतं. यंदा मी पाहिलेल्या नाटकांत एक नंबर ज्याला देईन, ते गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत रात्री साडेदहाला सुरू झालं आणि पहाटे पाचला संपलं.

नाव सांगून उपयोग नाही. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटक कंपन्या दर हंगामाला नवी नाटकं काढतात, त्यामुळे तेच नाटक तुम्हाला पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. रात्र कशी होती ते सांगतो.

दिवसभर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, झालेला. गावात प्रत्येक घरी पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, अंगणात चुली पेटलेल्या. आमच्या मोठेबाबांमुळे मला विंगेत बसायला जागा मिळाली. गावातलीच माणसं तोंडाला रंग लावून उभी राहायची त्या काळात मोठेबाबा मंडळाचे प्रॉम्प्टर होते, विंगेतून नटांना वाक्यं पुरवायचे. आता डोळ्यांनी दिसत नाही, पण कंपनीची माणसं त्यांना ओळखतात, खुर्ची देतात.

नाटक दोन भावांचं. थोरला कर्जात बुडालेला, त्याला जमीन विकायची आहे. धाकट्याची सही हवी. मधे आई. गोष्ट शंभरदा ऐकलेली, मान्य. पण धाकट्याचं काम करणाऱ्या नटाची गाडी वाटेत बंद पडली आणि दहा वाजले तरी तो आलाच नाही. मग विनोदी कामं करणाऱ्या एका पोराला रंगपटात बसवून दहा मिनिटांत गोष्ट सांगितली. त्याने वही उघडूनही पाहिली नव्हती. तसाच उभा राहिला.

माझ्यापासून हातभर अंतरावर प्रॉम्प्टर. कानटोपी, मांडीवर संहितेची वही, बॅटरीच्या तोंडाला लाल फडकं गुंडाळलेलं, म्हणजे उजेड पडद्याबाहेर जाणार नाही. तो अख्खं वाक्य वाचत नाही. पहिले तीन-चार शब्द सोडतो, तेही समोरचा नट श्वास घेतो तेवढ्या फटीत. मूळ नट असता तर एवढंही लागलं नसतं. या पोराला मात्र रात्रभर शब्द पुरवायचे होते, आणि रंगमंचापुढे ऑर्गन, तबला नि ऑक्टोपॅड सुरूच. दोन-अडीच तासांत तो प्रॉम्प्टर एकदाही पाणी प्यायला नाही.

रात्री दोनच्या सुमारास सहीचा प्रसंग आला. थोरल्याने कागद पुढे केला. प्रॉम्प्टरने शब्द सोडले. पोरगा गप्प. पुन्हा सोडले, जरा मोठ्याने. तरी गप्प. मला वाटलं, पार अडकला. तो आईकडे बघत उभा होता. समोर हजारभर माणसं, कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि बिछायतीवरून एका बाईचा आवाज आला, "सही नको करू रे बापू!"

प्रॉम्प्टरने तिसऱ्यांदा शब्द सोडलाच नाही. बॅटरी विझवली. पोराने कागदाची घडी घातली, आईच्या पदराला गाठ मारून बांधली आणि वहीतलं वाक्य बाजूला ठेवून आपल्या बोलीत म्हणाला, "माये, हे तुयाजवळ ठेव. मले वाचता येत नाही." बस. हा कागद बांधण्याचा प्रकार वहीत कुठेच नव्हता, मी नंतर बघितलं. थोरल्याचं काम करणाराही क्षणभर गडबडला, मग सावरून त्याच धाग्याने पुढे गेला.

अंक पडल्यावर मी प्रॉम्प्टरला विचारलं, त्याला ऐकू गेलं नाही का? तो म्हणाला, "ऐकू गेलं होतं. त्यानं घेतलं नाही." शेजारून मोठेबाबा म्हणाले, "म्हनून तं बॅटरी बुजवली त्यानं." डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला ते कसं कळलं, ते मी विचारलं नाही. शब्द थांबले तसं कळलं असणार.

आता हे एवढं का सांगतोय? पुण्यात माझा एक जुना मित्र आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेसाठी रात्ररात्र तालमी करणारा, नाटकातलं कळणारा. त्याला एकदा हौसेने गावी नेलं होतं. रात्री एक वाजता तो जीपमध्ये जाऊन झोपला आणि सकाळी म्हणाला, "ही जत्रा आहे, नाटक नाही. ज्यांची वाक्यं पाठ नसतात त्यांना नट म्हणायचं का?" तेव्हा मी गप्प बसलो. मोठेबाबा शेजारी चहा पीत होते, त्यांनी ऐकलं, तरी गप्प बसलो. ते मला आजही टोचतं.

त्याच मित्राने २०१२ साली अतुल पेठेंनी बसवलेल्या 'सत्यशोधक'ला उभं राहून टाळ्या वाजवल्या. गो. पु. देशपांड्यांचं नाटक, आणि काम करणारे पुणे महापालिकेचे सफाई कामगार. टाळ्या योग्यच होत्या, मीही वाजवल्या. त्याच वर्षी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं, राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, जालन्याकडच्या मुलांनी केलेलं. त्याचंही त्याने तोंड भरून कौतुक केलं. म्हणजे शेतकरी-कामगार आपल्या शहरात येऊन नाटक करतात तेव्हा ती कला. तीच माणसं आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर पहाटेपर्यंत करतात तेव्हा ती जत्रा. हा हिशोब मला कधीच पटला नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्याचा मला 'अभिनंदन' एवढाच मेसेज आला. अभिनंदन नको होतं. त्या सकाळचं वाक्य मागे घ्यायला हवं होतं.

आणि पाठांतराचं म्हणाल तर हंगामात इथला नट आज या गावात, उद्या त्या गावात, दिवसा गाडीत झोपणार आणि रात्री उभा राहणार. प्रॉम्प्टर ही त्याच्यासाठी कुबडी नाही, सोबत आहे. चांगला नट ती कधी सोडायची हे जाणतो.

बाकी यंदाची आवडती नाटकं: चंद्रपूरच्या एका हौशी संस्थेने केलेलं 'वाडा चिरेबंदी'. एलकुंचवारांचं १९८५ चं नाटक, मी किती वेळा पाहिलं असेल मोजलेलं नाही. पण वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवते त्या प्रसंगात या बाईने आरशाकडे पाहिलंच नाही, नुसते हाताने चाचपत राहिली. ते अजून डोळ्यांपुढे आहे. तिसरं म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतलं एक नवं नाटक. पहिला अंक उत्तम, दुसरा ओढलेला. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, वेगवेगळ्या केंद्रांवर होते, आणि तरी लोक विचारतात की बाहेर काही असतं का. 'संगीत देवबाभळी' लिहिणारे प्राजक्त देशमुखही नाशिकचेच.

झाडीपट्टीत जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे, गावाचं कागदोपत्री नाव देसाईगंज. तिथे कंपन्यांची ऑफिसं आहेत, आज कुठे प्रयोग आहे ते कोणीही सांगेल. दुपारी झोपून घ्या. जाड चादर न्या, थंडी मरणाची असते. खुर्चीचं तिकीट काढू नका, खाली बिछायतीवर बायाबापड्यांमध्ये बसा. निम्मं नाटक तिथेच घडतं. आणि दोनच्या आत उठू नका. पहिले दोन-तीन तास रंगायलाच जातात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: सगळंच असं नसतं. मधेमधे घुसडलेले नाच कंटाळा आणतात, काही विनोद इतके कमरेखालचे असतात की आईशेजारी बसून ऐकवत नाहीत, आणि बाईने सोसायचं, शेवटी माफ करायचं, हे बहुतेक नाटकांत ठरलेलं. लेखकांनी ते बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ते कंपनीवाल्यांना तोंडावर सांगतो. ध्वनिव्यवस्था तर कानठळ्या बसवते. लहान मुलांना पुढे बसवू नका.

मित्रालाही यंदा पुन्हा बोलावलंय. जीप नसेल, एसटीने जायचं आहे.