पायाच्या अंगठ्याला ओढून धरतात तेव्हा

पायाच्या अंगठ्याचे दुर्बिणीचे ऑपरेशन आता काही जणांना सुचवले जाते. ‘ओढून धरणार’ हा शब्द ऐकून मात्र माणूस धास्तावतो. हे ऑपरेशन करणारा सर्जन म्हणून माझ्याकडे त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरे.

प्रश्न : अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुर्बिणीने साफ करणार आहेत. त्यासाठी ट्रॅक्शन लावू, म्हणजे अंगठा ओढून धरू, असे डॉक्टर म्हणाले. मांडीचे हाड मोडले तेव्हा आजोबांच्या पायाला कितीतरी आठवडे वजन टांगले होते. तसेच का?

उत्तर : नाही. आजोबांना वजन लावले ते मोडलेली टोके जागेवर राहावीत म्हणून. तुमची ओढ फक्त टेबलावर, भुलेखाली, सांध्याच्या आत पाहण्यापुरती. हा सांधा इतका घट्ट बसलेला असतो की १.९ ते २.७ मिलिमीटर जाडीची दुर्बीणसुद्धा सरळ आत शिरत नाही. जबरदस्तीने घुसवली तर कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, ओरखडा उठतो, आणि गेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. माझ्या लेखी ओढ देण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

त्यासाठी अंगठ्यावर विणलेली जाळीची नळी चढवतात. ओढली की ती आवळते, सैल सोडली की सुटते. चढवण्याआधी अंगठा कोरडा पुसावा लागतो, कारण ओलसर राहिला तर ऐन कामात जाळी निसटते. मग दोरीला साधारण दोन ते चार किलोंची ओढ देतात. मी अंगठ्यावरच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंना बोटाने चाचपतो. फट हाताला लागली की सुईने दोन-तीन मिलिलिटर सलाईन आत सोडतो. सांधा फुगतो, तेव्हाच दुर्बिणीला वाट मिळते.

प्रश्न : जास्त ओढले तर जास्त दिसेल ना? आणि नंतर सांधा सैल पडत नाही का?

उत्तर : नीट दिसू लागले की पुढची ओढ फुकट जाते, वर कातडी आणि नसांना त्रास. थोड्या वेळाच्या बेताच्या ओढीने सांधा सैल पडत नाही. उलट काही कामांना ओढ आडच येते. सांध्याच्या वरच्या कडेला वाढलेले हाड घासायचे असेल, तर ओढीने वरचे आवरण हाडावर ताणून बसते आणि हत्याराला जागा उरत नाही. अशा वेळी मी दोरी सोडायला सांगतो. आवरण सैल पडते आणि वाढलेल्या हाडाचे टोक समोर दिसते. ओढ द्यायची, सोडायची, लागली तर पुन्हा द्यायची. हे सांभाळणारा मदतनीस मला दुर्बिणीइतकाच मोलाचा वाटतो.

प्रश्न : मला गाउट, म्हणजे सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे खडे साचण्याचा आजार, आहे. दुर्बिणीने सगळे खडे निघतील?

उत्तर : खडूच्या भुकटीसारखे पांढरे थर खरवडून, धुऊन काढता येतात, पण सगळेच निघतील असे नाही. युरिक अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या मात्र सुटत नाहीत.

प्रश्न : आईला पंधरा वर्षे मधुमेह आहे. ती जाळी तिला चालेल?

उत्तर : आधी पायाचा रक्तपुरवठा पाहायला हवा. पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी लागते का, तळव्याला बारीक तंतूचा स्पर्श कळतो का, हे तपासून घ्या. नाडी क्षीण असेल तर आवळणाऱ्या जाळीखाली फोड येऊन जखम चिघळू शकते. अशा पायावर हे ऑपरेशन मी करत नाही. आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. नाडी चांगली असली तरी जाळी काढल्यावर कातडी नीट पाहा, असे ऑपरेशन करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आईला बोटात संवेदना कमी असेल तर फोड तिला कळणारही नाही.

प्रश्न : ऑपरेशनला तीन आठवडे झाले. अंगठ्याची वरची, आतली बाजू बधिर आहे. ओढल्यामुळे का?

उत्तर : ओढीमुळेही होऊ शकते, पण दुर्बीण व हत्यारे घालण्यासाठी पाडलेले आतल्या बाजूचे छिद्र नेमके तिथल्या बारीक नसेजवळ पडते. म्हणून मी सुरीने फक्त कातडी कापतो आणि पुढचा मार्ग बोथट चिमट्याने काढतो. नस नुसती दुखावली असेल तर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत फरक पडतो. छिद्राच्या जागी टिचकी मारली की अंगठ्यात झिणझिण्या जात असतील, किंवा बधिरपणा वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनना दाखवा. तोवर त्या बाजूला घासणारी चप्पल वापरू नका.