मूळ कागद आधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गर्भपाताच्या वादाचा इतिहास लिहायला घेतलास आणि दोन्ही बाजूंचे अभ्यासक इतिहास आपल्याच बाजूने उभा करतात हे पाहून गोंधळलीस, हे तुझ्या पत्रावरून कळले. ती पुस्तके तूर्त मिटून ठेव आणि मूळ कागद वाच.

१८५९ साली डॉक्टर होरेशियो स्टोरर यांच्या समितीने अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेपुढे मांडलेला अहवाल घे. तो गर्भपाताच्या कडक विरोधात आहे, एवढे सांगून बहुतेक जण पुढे जातात. पण हा गुन्हा का फोफावला याची कारणे देताना समिती पहिलेच कारण नोंदवते ते असे की, पोटात हालचाल जाणवेपर्यंत गर्भात जीव नसतो, असा समज खुद्द आयांमध्येही आहे. जो समज खोडून काढायचा, त्याचीच साक्ष समितीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. हे तुला सारांशात कोण सांगणार होते?

इंग्लंडच्या १८०३ च्या कायद्याने गर्भपाताला सरसकट फाशी ठरवली, असे मी तरुणपणी एका लेखात ठणकावून लिहिले होते. वाक्य उसने होते. एका वाचकाने चूक दाखवली, तर मी त्याच्याशीच वर्षभर हुज्जत घातली. पुढे कायद्याचा मजकूर हाती आला, तेव्हा दिसले की फाशी गर्भाची हालचाल सुरू झाल्यानंतरच्या कृत्याला होती. त्याआधीच्या कृत्याला दंड, कैद, फटके किंवा चौदा वर्षांपर्यंतची हद्दपारी. १८३७ साली हा भेदही गेला आणि फाशीही. त्या काळी असले कागद मिळवणे सोपे नव्हते, हे खरे. पण मी मागितलेच नव्हते, हेही खरे. तुला ती सबब नाही, म्हणून थोडा चिडून लिहितो आहे.

गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा १९७३ चा 'रो' आणि तो हक्क रद्द करणारा २०२२ चा 'डॉब्स', हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे दोन्ही निकाल ब्रॅक्टन आणि कोक या त्याच जुन्या इंग्रज कायदेपंडितांकडे जातात आणि उलट निष्कर्ष घेऊन परततात. कोणता निकाल बरोबर, हे मला विचारू नकोस. हालचाल सुरू झालेला गर्भ पोटातच मारणे हा मोठा अपराध आहे, पण खून नव्हे, असे कोक म्हणतो; ते वाक्य आधी त्याच्याच पानावर वाच, मग दोन्ही निकालांनी त्याचे काय केले ते पाहा.

पुढच्या पत्रात मते नकोत. कोकचा तो उतारा स्वतःच्या हाताने उतरवून पाठव.

तुझा,
जुना शिक्षक