बाजारात सगळं बारा महिने मिळतं, मग सीझनचंच खायचा आग्रह कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात मटारची उसळ मागितली की बायको "सीझन नाही" म्हणून उडवून लावते, आणि खाली भाजीवाल्याकडे तर मटारचा ढीग असतो. मग बरोबर कोण? मी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते, खरेदी घाऊक बाजारातून असते. तेव्हा हे उत्तर आहारतज्ज्ञाचं नाही, पातेल्याजवळ उभ्या राहणाऱ्या बाईचं आहे.

मटारपुरती मी तुमच्या बाजूने. त्याला थंडी लागते, पण थंडी सगळ्या देशात एकदम पडत आणि एकदम उठत नाही. हिवाळ्यात मध्य प्रदेशच्या गाड्या येतात, पावसाळ्यात पुरंदर-पारनेरकडचा माल, उन्हाळ्यात हिमाचलचा. म्हणजे मटार त्याच्या गावी हंगामातलाच असतो, फक्त तिथून इथवर पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं आणि उसळ पिठूळ लागते. त्यापेक्षा फ्रोजन बरा. तो तोडल्यावर लवकरात लवकर गरम पाण्यातून काढून गोठवलेला असतो. मे महिन्यात मी तोच वापरते, आणि कुणी विचारलं तर सांगतेही.

"बारा महिने मिळतं" हे प्रत्येक जिनसाच्या बाबतीत वेगळ्या कारणाने खरं असतं, हे एकदा लक्षात आलं की घरातला निम्मा वाद मिटतो. कांद्याचंच बघा. बारमाही म्हणावं तर त्याच्याइतकं बारमाही दुसरं काही नाही, पण वर्षभरात आपण तीन वेगळे कांदे खात असतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो, तो कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या शेडमध्ये, भरतात आणि तोच आपल्याला दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. मग खरिपाचा लाल कांदा येतो, त्याच्यामागून रांगडा. लाल कांदा टिकत नाही, अंगात पाणी फार. वाटणासाठी परतायला घेतला की आधी नुसता शिजत बसतो, लाल व्हायचं नावच घेत नाही. गॅस आणि वेळ दोन्ही जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाळीतला जुना कांदा उरतो तेव्हा उलटं दुखणं. चिरला की मधे हिरवा कोंब, सालीखाली काजळी, पोत्यातला बराचसा माल निवडण्यातच जातो. नेमका तेव्हाच भाव चढतो, कारण जुना संपत आलेला असतो आणि नवा पावसाने लांबलेला असतो. बातम्यांमध्ये त्याचं राजकारण होतं, आम्ही कांदाभजी बंद करून कोबीची भजी सुरू करतो.

बटाटा शीतगृहातला. फार थंडीत ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते (मटारच्या बरोबर उलट), म्हणून काचऱ्या टाकल्या की आतून शिजायच्या आधीच बाहेरून तांबूस-काळ्या होतात. असा बटाटा आणून आठवडा-दोन आठवडे साध्या हवेत, अंधारात ठेवला की बराच सुधारतो. सफरचंद काश्मीर-हिमाचलात ऑगस्ट ते ऑक्टोबरात उतरतं आणि ऑक्सिजन अगदी कमी केलेल्या बंद खोलीत महिनोन्‌महिने राहतं. मे महिन्यात तुम्ही गेल्या वर्षीचं फळ खाता, आणि खुशाल खा. डाळिंबाला तर शेतकरीच पाणी तोडून ताण देतो आणि आंबे, मृग, हस्त या तीन बहारांपैकी (फुलोरा धरायच्या वेळांपैकी) सोयीचा धरतो. हे काही काल-परवाचं तंत्र नाही.

"पूर्वीचे लोक ऋतूप्रमाणे ताजं ताजं खायचे" हे ऐकलं की मला हसू येतं. पूर्वीच्या बायका उन्हाळाभर घाम गाळून सांडगे, कुरडया, आमसुलं, वर्षाचं तिखट, खारवलेले बोंबील यांची बेगमी करायच्या ती कशासाठी? आषाढात घरात भाजी नसायची म्हणून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आजही कोळीणबाईकडे सुकटच जास्त असते. चातुर्मासात कांदा-वांगं बंद, म्हणून कांदेनवमीला आधीच कांदा खाऊन घ्यायचा आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने वांगं पुन्हा सुरू करायचं. आपल्याकडे ऋतूप्रमाणे खाण्यात साठवण आणि तिटकारा येईपर्यंत पिठलं, दोन्ही आलं.

मग बायको कुठे बरोबर? पालेभाजीत आणि फळात. भर उन्हाळ्यात मेथीची जुडी बारीक, महाग आणि दुपारपर्यंत मान टाकलेली. पावसाळ्यात कोथिंबीर आतून सडलेली. वरून हिरवीगार दिसते, सोडली की हाताला चिकट. जुलैत टोमॅटोची तीच गत, २०२३ च्या जुलैत तर त्याने किलोला शंभरी सहज ओलांडली होती. अशा वेळी मी आमटीत आमसूल घालते. कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या घाऊक बाजारात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस येतो, कोकणातून कलमाच्या काड्या नेऊन तिकडे वाढवलेला. तिकडे ऋतू उलटे, त्यामुळे त्याच्या परीने तो वेळेवरच आलेला असतो. पण त्या भावात मी पेटी घेणार नाही. मला आंब्याआधी कैरी लागते, डाळ-पन्हं होऊन गेल्यावर आंबा.

तेव्हा घरात पंचांग लावून भाजी आणू नका. ज्या आठवड्यात एखादी भाजी सगळ्या गाड्यांवर दिसते आणि भाव उतरतो, तो तिचा सीझन. जानेवारीत गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे असेच एकदम येतात, भोगीची भाजी त्यातूनच होते.

आणि काही गोष्टी अजून कुणाला बारा महिने करता आलेल्या नाहीत. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर मुरबाड-कर्जतकडच्या बायका स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. थोडे दिवस, मग वर्षभर नाहीत. बायकोला मटारच्या बदल्यात ती करायला सांगा. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि त्याच बाईकडून काकडंही मागून घ्यायची. त्या आंबट फळांशिवाय शिजवलीत तर घसा असा खवखवेल की शिव्या मला द्याल.