‘झू’ आडनाव आणि भारत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): आमच्या कंपनीच्या शांघाय शाखेतल्या एका सहकाऱ्याचं आडनाव ‘झू’ आहे. हे आडनाव भारतावरून पडलं, असं तो म्हणतो. यात तथ्य आहे का?

उत्तर: असू शकतं, पण आधी त्याला आडनाव चिनी लिपीत लिहून मागा. रोमन लिपीत झेड-एच-यू अशी स्पेलिंग असलेली निदान चार-पाच वेगवेगळी चिनी आडनावं आहेत. मिंग सम्राटांचं झू त्यांतलं सर्वांत मोठं. ते कोटीहून अधिक लोक लावतात आणि त्याचा भारताशी काही संबंध नाही. तुम्ही विचारता ते झू दुर्मीळ आहे. त्याच्या अक्षरात वर बांबूचं चिन्ह आणि खाली दोन आडव्या रेघा, म्हणजे ‘दोन’ हा अंक. एकूण आठ फटकारे. मिंगवाल्यांच्या अक्षरात सहाच. बोलताना फरक सुरांचा: मिंगवालं झू पहिल्या, सपाट सुरात आणि हे दुसऱ्या, चढत्या सुरात. शिवाय मराठीत आपण ‘झू’ लिहितो खरं, पण मूळ उच्चार ‘चू’च्या जास्त जवळ आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांत हीच माणसं ‘चू’ म्हणून भेटतात.

अक्षर तेच निघालं, तरी उगम दोन आहेत. पहिला पूर्णपणे चिनी. आजच्या हपेई प्रांताच्या परिसरात गूझू नावाचं प्राचीन राज्य होतं. तिथले राजपुत्र बो यी आणि शू छी हे दोघे भाऊ. झोउ घराण्याने शांग राजवट उलथवली, तेव्हा नव्या राजाचं धान्य खायचं नाही म्हणून ते डोंगरात उपाशी मेले, अशी कथा सीमा छ्यान या इतिहासकाराने नोंदवली आहे. राज्याच्या नावातला ‘झू’ म्हणजे बांबू, आणि वंशजांनी तेच आडनाव घेतलं. पुढे हान घराण्यातल्या ‘हे’ नावाच्या सम्राटाच्या काळात (इ.स. 88 ते 106) झू यान नावाच्या सरदाराचं कुणाशी तरी हाडवैर झालं आणि त्याला गाव सोडावं लागलं. आडनाव टाकायचं नाही, पण ओळख तर लपवायची! त्याने बांबूच्या अक्षराखाली ‘दोन’ जोडला. दोघा भावांची आठवण राहिली आणि उच्चारही बदलला नाही. जुन्या कोशांतली ही हकिकत जरा जास्तच नेटकी वाटते. आडनावांच्या कथा बहुधा मागाहून अशा घडवल्या जातात. तरी हा उगम चिनी परंपरेत मान्य आहे.

दुसरा उगम भारताचा. हानकालीन चिनी ग्रंथांत भारताला ‘त्यानझू’ म्हणत आणि त्यातला ‘झू’ याच अक्षराने लिहीत. प्राचीन उच्चारात या अक्षराच्या शेवटी ‘क’ होता. इराणी भाषांतल्या ‘हिंदुक’सारख्या शब्दाचं ते रूप मानलं जातं. कँटनीज बोलीत तो ‘क’ अजून टिकून आहे, त्यामुळे हाँगकाँगमध्ये हे आडनाव ‘चुक’ होतं (मराठी माणसाने हसू आवरावं). भारतातून आलेल्या लोकांना देशाच्या नावावरून झू म्हणत.

प्रश्न (नागपूर): जुन्या चिनी बौद्ध ग्रंथांत अनेक भाषांतरकारांच्या नावाआधी ‘झू’ दिसतं. ते सगळे भारतीय होते का?

उत्तर: नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. सुरुवातीला रीत सरळ होती: परदेशी भिक्खूच्या देशाचं नाव हेच त्याचं आडनाव. भारताचा तो झू, पार्थियाचा (प्राचीन इराणमधलं साम्राज्य) आन, मध्य आशियातल्या युएझी लोकांमधला झी, सोग्दियाचा (समरकंदचा परिसर) कांग. इ.स. 148 मध्ये लुओयांग या हान राजधानीत आलेला आन शिगाओ हा पार्थियाचा.

मग चिनी माणसं भिक्खू होऊ लागली आणि ती गुरूचं आडनाव लावू लागली. इथून ‘झू’ म्हणजे जन्मभूमी हे समीकरण मोडलं. झू फाहू, म्हणजे धर्मरक्ष, चीनच्या वायव्य सीमेवरच्या तुनहुआंगला वाढलेला, युएझी वंशाचा. त्याचं घरचं आडनाव झी, पण गुरू झू म्हणून तोही झू. झू दाओशेंग (मृत्यू 434) तर चिनी. मूळ आडनाव वेई, गुरू झू फाताई. म्हणून एखादा झू भारतीय होता की नाही हे नावावरून ठरवू नका, चरित्रात त्याचं मूळ गाव आणि गुरू पाहा. त्यात इ.स. 260 मध्ये मध्य आशियातल्या खोतानला गेलेला चिनी भिक्खू झू शिशिंग आणखी घोळ घालतो. त्याचा झू चक्क मिंगवाला, जन्मानेच मिळालेला.

हा प्रकार थांबवला दाओआन या चिनी भिक्खूने (312–385). सर्वांचा मूळ गुरू शाक्यमुनी, मग आडनावं वेगवेगळी कशाला, असं म्हणून त्याने सगळ्या भिक्खूंना ‘शी’ (शाक्य शब्दाच्या चिनी रूपातलं पहिलं अक्षर) लावायला सांगितलं. त्यानंतर एकोत्तर आगमाचं (बुद्धवचनांचा एक संग्रह) चिनी भाषांतर झालं. त्यात वचन सापडलं की चार नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावं उरत नाहीत, तसे चारही वर्णांतले लोक श्रमण झाले की शाक्यच म्हणवले जातात. चिनी भिक्खू आजही ‘शी’ लावतात. म्हणजे भिक्खूंमधला झू चौथ्या शतकानंतर मावळत गेला.

प्रश्न (सोलापूर): मग आपल्या डॉ. कोटणीसांचं चिनी आडनाव झू का नाही?

उत्तर: कारण तोवर चाल बदलली होती. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाच डॉक्टरांची नावं उच्चारावरून बेतली गेली. कोटणीस झाले ‘क दीहुआ’ (‘क’ हे प्रचलित चिनी आडनाव) आणि नागपूरचे डॉ. चोळकर ‘झुओ खहुआ’. पाचही जणांच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, आहे. कोटणीसांच्या मुलाचं नाव ‘यिनहुआ’. त्यातला ‘यिन’ भारताचा. ‘यिंदू’ हे नाव श्युआनझांगने (आपल्याकडे ह्युएन त्सांग) सातव्या शतकात आपल्या प्रवासग्रंथात योग्य ठरवलं आणि ‘त्यानझू’ बाजूला सारलं. आजही चिनी भाषेत भारत म्हणजे यिंदूच.

जुनी रीत विसाव्या शतकात एकदा मुद्दाम पाळली गेली, ती रवींद्रनाथ टागोरांसाठी. 8 मे 1924 ला बीजिंगमध्ये त्यांचा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा चिनी विचारवंत लियांग छीचाओ यांनी त्यांना ‘झू झेनदान’ हे नाव दिलं. आडनाव त्यानझूवरून. ‘झेनदान’ हे चीनचं प्राचीन भारतीय नाव, आणि त्यातल्या अक्षरांत गडगडाट आणि पहाटही आहे: इंद्र आणि रवी.

प्रश्न (ठाणे): एखाद्या झू कुटुंबाचा भारतीय वंशाचा दावा तपासायचा कसा?

उत्तर: पहिली कसोटी सोपी. ‘आमचा मूळपुरुष अमुक भारतीय भिक्खू’ असं कुणी म्हटलं तर दावा तिथेच लंगडा होतो. भिक्खूचं आडनाव शिष्याकडे जाई, मुलाकडे नाही. वंश चालायला गृहस्थ हवा, व्यापारी किंवा वसाहतकार.

पुढे ‘जियापू’ म्हणजे वंशावळ मागा. शांघाय ग्रंथालयात अशा वंशावळींचा फार मोठा संग्रह आहे आणि ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर पुष्कळ वंशावळींची छायाचित्रं पाहायला मिळतात. शोध अक्षराने घ्या. रोमन स्पेलिंगने घेतलात तर मिंगवाल्यांच्या महापुरात बुडाल. मग पिढ्या मोजा. पट्टीसाठी कन्फ्यूशियसचं घराणं घ्या: जन्म इ.स.पू. 551, आणि 79 व्या पिढीतल्या प्रमुखाचा जन्म 1975. म्हणजे 2525 वर्षांत 78 टप्पे, पिढीला साधारण 32 वर्षं. या हिशेबाने झू यानपासून 1990 मध्ये जन्मलेल्या माणसापर्यंत सुमारे 60 पिढ्या हव्यात. वंशावळीत 30च असतील तर मधला दुवा गायब आहे. 90 असतील तर कुणीतरी भरणा केलेला आहे.

शेवटचा खड्डा गावाच्या नावाचा. 1008 सालचा ‘ग्वांगयुन’ हा कोश झू घराण्याचं मूळ ठिकाण ‘दोंगग्वान’ सांगतो. ते शानदोंगमधलं. ग्वांगदोंग प्रांतातलं आजचं कारखान्यांचं दोंगग्वान अक्षराने तेच, पण जागा वेगळी. आणि या आडनावातले आधुनिक काळातले सर्वांत प्रसिद्ध गृहस्थ, हवामानशास्त्रज्ञ झू केझेन (1890–1974, 1936 ते 1949 झेजियांग विद्यापीठाचे अध्यक्ष), जन्मले झेजियांगमधल्या शाओशिंगजवळच्या दोंगग्वानला. हे तिसरं, आणि त्याचं दुसरं अक्षरही निराळं. इंग्रजी लेखनात ते आडनाव शेवटी टाकून ‘कोचिंग चू’ अशी सही करत, तेव्हा ग्रंथसूचीत त्यांना ‘झू’खाली शोधून सापडले नाहीत तर ‘चू’खाली पाहा.